पिल्लांची जात पावतीवर लिहून घ्या

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत परसातल्या कोंबडीपालनावर क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांच्या प्रतिनिधी त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत हा मजकूर वाचून दाखवावा, ही विनंती.)



दिवाळी झाली, सोयाबीनचं माप झालं. गेल्या दोन बैठकांचे ठराव मी वाचले, तर बऱ्याच गटांनी यंदा कोंबडीची पिल्लं घ्यायचं ठरवलंय. चांगलं आहे. आता घेतलेली पिल्लं आखाडापर्यंत विकण्याजोगी होतात, आणि आखाडात कोंबड्याला भाव असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. शेण, खत, किडे, सांडलेलं धान्य, सगळं घरचंच. कमी भांडवलात बाईच्या हातात पैसा येणारा हा धंदा आहे.

पण पिल्लं आणताना एक गोष्ट आपण विचारतच नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, ही गावरान हायेत," आपण म्हणतो, "द्या पन्नास." तो म्हणतो, "ही कडकनाथ," आपण म्हणतो, "द्या पंचवीस." एक दिवसाचं पिल्लू म्हणजे मूठभर लव. त्याच्याकडे बघून जात कुणाला कळणार? चार महिन्यांनी तुरा येतो, पिसं येतात, वजन येतं किंवा येत नाही, तेव्हा कळतं की घेतलं एक आणि निघालं दुसरंच. तोवर खाद्याचे पैसे गेलेले असतात आणि कर्जाचे चार हप्ते भरून झालेले असतात.

आज मी तुमच्याशी याच विषयावर बोलणार आहे.

नावं कोणती आणि ती कशाची

आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात, पशुखाद्याच्या दुकानात, बाजारात आणि टेम्पोवाल्याकडे जी नावं ऐकू येतात, ती आधी समजून घेऊ.

पहिलं नाव गावरान. गावरान म्हणजे आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कोंबडी. कुणी लाल, कुणी काबरी, कुणी उघड्या मानेची, कुणी उलट्या पिसांची. तिचा एक ठरलेला रंग नसतो. वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. अंडी कमी, पण ती खुडूक होते, अंड्यावर बसते, २१ दिवसांनी पिल्लं काढते आणि घारीपासून सांभाळते. आपल्याला दुसऱ्यांदा पिल्लं विकत आणावी लागत नाहीत.

दुसरी, सुधारित जाती. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली. वनराजा आणि ग्रामप्रिया या हैदराबादच्या केंद्र सरकारच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केल्या. दिसायला त्या गावरानसारख्या रंगीत असतात. परसात वनराजा वर्षाला साधारण शंभर-एकशे दहा अंडी देते आणि तिचं वजनही भरतं. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यासाठी आहे, ती १६० ते १८० पर्यंत जाते. पण लक्षात ठेवा, या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. आणि त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवून पिल्लं काढली, तर पुढच्या पिढीत आईबापाइतकं उत्पन्न मिळत नाही.

तिसरी आर.आय.आर., म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. मूळची अमेरिकेची. गडद तांबडी पिसं, पिवळे पाय, तपकिरी अंडी.

चौथी सोनाली. ही बांगलादेशात आर.आय.आर. आणि इजिप्तची फायूमी यांच्या संकरातून तयार झाली. अंगाने सडपातळ, चपळ, दिसायला गावरानसारखी. म्हणूनच ती "गावरान" म्हणून सहज खपते.

पाचवी कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, आदिवासींनी सांभाळलेली जात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. तिची कातडी काळी, मांस काळपट, चोच, पाय, जीभ सगळं गडद. अंडी मात्र काळी नसतात. फिकट तपकिरी, सायीच्या रंगाची असतात. "कडकनाथचं काळं अंडं" म्हणून कुणी काही दाखवलं तर तिथूनच मागे फिरा. ती वर्षाला ८० ते १०० अंडी देते आणि वजनाला हलकी असते. कोंबडा दीड-दोन किलोच्या आसपास, कोंबडी त्याहून कमी.

सहावी ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प. नावाप्रमाणे मूळची ऑस्ट्रेलियाची. पिसं काळीभोर, पण कातडी पांढरी. अंड्याला उत्तम. हिची पिल्लंही काळी दिसतात. आता तुमच्या लक्षात आलं असेल की गोंधळ कुठे होतो.

आणि शेवटची दोन, जी नाव सांगून कुणी विकत नाही. एक बॉयलर, आणि दुसरी पांढऱ्या लेअर कोंबडीची नर पिल्लं. अंड्याच्या मोठ्या धंद्यासाठी जिथे पिल्लं काढतात, तिथे माद्या ठेवतात आणि नर नको असतात. ते अंडी देत नाहीत आणि बॉयलरसारखं मांसही धरत नाहीत. म्हणून ते अगदी स्वस्तात बाहेर पडतात. बाजारात टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी पिल्लं दिसतात ना, पोरं हट्ट करतात, ती बहुतेक हीच असतात, नाहीतर बॉयलरची. रंग वरून दिलेला असतो आणि पिसं बदलली की जातो. न रंगवलेली हीच पिल्लं गल्लीत "गावरान, पंधरा रुपयाला" म्हणत विकली गेली, तर कुणाला ओळखू येणार?

नाव बदलतं कुठे?

दर वेळी दुकानदार लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. पिल्लं उबवणी केंद्रातून निघतात, मोठ्या व्यापाऱ्याकडे येतात, तिथून छोट्याकडे, मग आपल्या दुकानात. खोकी उघडतात, पिल्लं मोजतात, दोन खोक्यांतली एकत्र होतात. कधी दुकानदारालाच नीट माहीत नसतं. वरून आलं ते नाव तो पुढे सांगतो.

कधी नाव मुद्दाम बदलतं, कारण नावालाच पैसा आहे. साध्या पिल्लाला तीस रुपये मिळत असतील तर कडकनाथ म्हटल्यावर साठ मिळतात.

आणि कधी "सगळ्या माद्या देतो" असं सांगून जास्त पैसे घेतात. ताई, एका खेपेत निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या असतात. एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी ओळखणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. काही संकरांत रंगावरून किंवा पंखावरून कळतं, सगळ्यांत नाही. म्हणून दुकानात उभ्या-उभ्या कुणी "ही मादी, ही मादी" असं वेचून देत असेल, तर त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

एका गटाची गोष्ट

आपल्याच भागातल्या एका गटाचं सांगते. गटाचं, गावाचं आणि दुकानाचं नाव घेत नाही. त्या गटाने मला हे सांगायची परवानगी दिली, ती एवढ्यासाठी की दुसऱ्या गटावर ही वेळ येऊ नये.

गटातल्या आठ जणींनी कडकनाथ करायचं ठरवलं. प्रत्येकी २५, म्हणजे २०० पिल्लं. भाव ६० रुपये. १२,००० रुपये गटाच्या कर्जातून. पिल्लं आणायला गटाची सचिव गेली, कारण तिचा मुलगा मोटारसायकल चालवतो. दुकानदाराने साध्या कागदावर लिहून दिलं, "पिल्ले २०० नग, रु. १२,०००." जात लिहिलेली नाही, शिक्का नाही, तारीख नाही.

पिल्लं काळी होती, सगळ्या खूश. तीन महिन्यांनी तुरे लालभडक झाले. पाय उचलून बघितला तर तळवा पांढरट. पिसं फुंकून बघितली तर आत कातडी पांढरी. जो व्यापारी कडकनाथचे कोंबडे न्यायला येणार होता, त्याने एक कोंबडा हातात घेतला, खाली ठेवला आणि निघून गेला.

इथपर्यंत पैशांची गोष्ट झाली. पण पुढे जे झालं ते जास्त वाईट होतं. आठ जणींपैकी तिघी म्हणाल्या, "सचिवाने दुकानदाराकडून कमिशन खाल्लं. स्वस्तातली पिल्लं आणली आणि कडकनाथचे पैसे लावले." ती बाई सहा वर्षं गटाची वही लिहीत होती. एक रुपयाचा फरक कधी निघाला नव्हता. ती दोन महिने बैठकीला आली नाही. दोघींनी हप्ता थांबवला. गट मोडायला आला होता.

गट वाचला तो एका खोक्यामुळे. पिल्लं ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली, ते खोकं एका मावशीने लसूण ठेवायला जपून ठेवलं होतं. त्यावर उबवणी केंद्राची चिठ्ठी होती, पिल्लं काढल्याची तारीख होती. पशुसखीने त्या केंद्राला फोन लावला. तिथून सांगितलं की त्या तारखेची ती खेप ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पच्या संकराची होती, कडकनाथची नव्हतीच. म्हणजे नाव बदललं ते दुकानाच्या वाटेत. सचिवाने ६० रुपयेच दिले होते, हेही दुकानदाराने पाच जणींसमोर कबूल केलं. शेवटी त्याने भावातल्या फरकाची निम्मी रक्कम, ३,००० रुपये, परत दिली.

आता बघा, पिल्लं वाया गेली नाहीत. ज्यांनी माद्या ठेवल्या त्यांना भरपूर अंडी मिळाली. पण त्या सचिवताईंचे दोन महिने कोण परत देणार? जात, भाव आणि तारीख लिहिलेली पावती पहिल्या दिवशी घेतली असती, तर त्या बाईवर बोट उचलायला जागाच राहिली नसती. म्हणून पावती मागताना लाजू नका. गटाच्या पैशाने खरेदीला जाणाऱ्या आपल्या बाईचं नाव ती पावती राखते.

मोठ्या नावाच्या मागे धावताना

कडकनाथच्या नावाने आपल्या महाराष्ट्रात मोठा फटका बसलेला आहे. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीचं प्रकरण राज्यभर गाजलं. पैसे भरा, पिल्लं आणि खाद्य आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ, असं सांगून अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून पैसे घेतले. पुढे खाद्य यायचं बंद झालं, अंडी उचलायचं बंद झालं. लोकांच्या शेडमध्ये कोंबड्या उपाशी राहिल्या. पोलिसांत गुन्हे दाखल झाले. तिथे जातीपेक्षा कमाईचं नाव खोटं निघालं. शिकण्यासारखी गोष्ट मात्र तीच: माल घेताना नावावर जाऊ नका, आपला माल कोण घेणार, कुठल्या भावाने घेणार, हे आधी आपल्या गावात आणि वाशीच्या बाजारात फिरून बघा.

क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी झाबुआच्या एका पालकाकडे कडकनाथची २,००० पिल्लं मागवली, ही बातमी तुम्ही ऐकली असेल. २०२१ च्या जानेवारीत त्या फार्मवर बर्ड फ्लू निघाला आणि ती पिल्लं त्या वेळी जाऊ शकली नाहीत. मोठ्या माणसाने, थेट मूळ गावातून मागवूनही धंद्यातली जोखीम चुकत नाही. आपण तर चार हातांतून फिरून आलेली पिल्लं घेतो.

ओळखायचं कसं?

पहिल्याच दिवशी जात शंभर टक्के सांगता येत नाही, हे आधी मान्य करू. पण काही खुणा आहेत.

एक. खोक्यातली सगळी पिल्लं एकसारखी पिवळीधमक असतील, तर ती गावरान नाहीत. गावरान पिल्लं वेगवेगळ्या रंगांची असतात, बऱ्याच जणांच्या पाठीवर पट्टे असतात. सगळी पिवळी म्हणजे बॉयलर किंवा पांढरी लेअर असण्याचा संभव जास्त.

दोन. कडकनाथ म्हणून देत असतील तर पिल्लू उलटं करून पायाचा तळवा बघा, चोच बघा, हळूच तोंड उघडून आत बघा, पोटाची कातडी बघा. सगळीकडे गडद पाहिजे. पोटाखाली पिवळट-पांढरी लव आणि तळवा फिकट असेल, तर ती ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प किंवा तिचा संकर असू शकते. मात्र कडकनाथच्या संकराच्या पिल्लातही काळेपणा उतरतो. म्हणून काळं दिसलं म्हणजे शुद्ध, असं नाही. आईबाप कोंबड्या कुठल्या, हे उबवणी केंद्राच्या कागदावरूनच कळतं.

तीन. आठवड्याला एकदा वजन करा. किराणा दुकानातला छोटा काटा पुरतो. दहा पिल्लं तोला, बेरीज करा, दहाने भागा, वहीत लिहा. पाय जाड, छाती रुंद, दिवसभर खाद्यापाशी बसून आणि महिन्याच्या आतच किलोभर वजन, म्हणजे ते बॉयलर. चांगलं खाद्य मिळालं तर वनराजा सहा आठवड्यांत साधारण पाऊण किलोला येतं. गावरान त्याच वयात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतं. लेअरचा नर मात्र खातो आणि सडपातळच राहतो. पांढरी पिसं, पिवळे पाय आणि लवकर वाढणारा मोठा लाल तुरा ही त्याची ओळख.

चार. अंड्याच्या रंगावर जाऊ नका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. तपकिरी अंडं देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबड्याही असतात. तपकिरी म्हणजे गावरान, हा समज चुकीचा आहे.

घ्यायच्या आधी

आधी गटाच्या बैठकीत ठरवा, आपल्याला पाहिजे काय. अंडी पाहिजेत, कोंबडे विकायचेत, की घरच्या घरी पिल्लं काढून पुढे चालवायचंय? पिल्लं काढायची असतील तर खुडूक होणारी गावरान कोंबडी लागते. ती दुकानात शोधण्यापेक्षा आपल्याच गटातल्या, शेजारच्या गावातल्या बाईकडून घ्या. आई डोळ्यासमोर दिसते, तिला जात विचारावी लागत नाही.

सुधारित जात पाहिजे असेल तर शक्यतो सरकारी ठिकाणी आधी चौकशी करा. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. आपल्याला छत्रपती संभाजीनगर जवळ. तिथे आगाऊ नोंदणी करावी लागते, म्हणून एकेका गटाने न जाता ग्रामसंघाने एकत्र मागणी करावी. आपल्या जिल्ह्यात तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या तज्ज्ञांना फोन करून विचारायला पैसे पडत नाहीत. अनुदानावर पिल्लं किंवा तलंगा मिळण्याच्या योजना पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात असतात, त्यांच्या अर्जाची मुदत पशुसखीने विचारून ठेवावी.

ज्यांना ओळखीची खात्री हवी आणि बल्बखाली पिल्लं सांभाळायची सोय नाही, त्यांनी एक दिवसाच्या पिल्लांऐवजी आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. महाग पडतात, पण पिसं, पाय, तुरा डोळ्यांना दिसतो, मर कमी होते.

दुकानातूनच घ्यायची असतील तर पावतीवर या गोष्टी पाहिजेतच:

१. दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख.
२. पिल्लांची जात. नुसतं "पिल्ले" नको. "कडकनाथ" किंवा "वनराजा" असं पूर्ण नाव. संकर असेल तर "संकर" असं.
३. वय आणि नग. नर-मादी वेगळे करून दिले असतील तर तसं.
४. उबवणी केंद्राचं नाव आणि पिल्लं काढल्याची तारीख.
५. मरेक्सची लस उबवणी केंद्रात दिली आहे का, ते.
६. एका पिल्लाचा भाव आणि एकूण रक्कम.
७. खरेदीदार म्हणून गटाचं नाव.

खोक्यावरच्या चिठ्ठीचा तिथेच फोटो काढा आणि चिठ्ठी फाडून पावतीसोबत वहीत चिकटवा. खरेदीला दोघींनी जा, एकटीने नको. पैसे शक्य असेल तर गटाच्या खात्यातून द्या. आणि जो दुकानदार म्हणेल, "एवढं कोण लिहितं मावशी, विश्वास ठेवा," त्याला हसून सांगा, "विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतोय, भाऊ." नाही लिहिलं तर पिल्लं घेऊ नका. दोनशे पिल्लांचं गिऱ्हाईक कुणालाच नको नसतं.

पिल्लं घरी आली की जात कुठलीही असो, लस चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, दोन आठवड्यांनी गंबोरो, चौथ्या आठवड्यात लासोटा परत, सहाव्या आठवड्यात देवीची, आणि पुढे आठ-दहा आठवड्यांनी मानमोडीची टोचायची लस. नेमके दिवस पशुसखीला विचारून वहीत लिहा. सगळ्यांनी एकाच दिवशी पिल्लं घेतली तर लसीची एक बाटली सगळ्यांना पुरते.

फसलोच तर

पहिलं, घरात आणि गटात भांडू नका. दुसरं, थांबू नका. शंका आली त्याच आठवड्यात पिल्लांचे फोटो काढा, त्यात तळवा, तुरा आणि कातडी दिसली पाहिजे. वजनाची वही पुढे चालू ठेवा. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचं मत शक्य असेल तर लेखी घ्या. मग चार-पाच जणींनी मिळून दुकानदाराकडे जा, शांतपणे बोला, फरकाची रक्कम मागा. त्याने काय कबूल केलं ते लिहून सह्या घ्या.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मालाचा खोटा दर्जा सांगून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हेसुद्धा त्यातच येतं. धाराशिवला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही," असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ग्राहकच असतो. तक्रारीत हे स्पष्ट लिहायचं.

आणि जी पिल्लं हातात आहेत, त्यांचा जात ओळखून निर्णय घ्या. बॉयलर निघाली तर उन्हात परसात सोडून वर्षभर पाळू नका, सहा-सात आठवड्यांत विका, नाहीतर खाद्यच खातील. लेअरचे नर निघाले तर लवकर घरच्या खाण्यात काढा. सुधारित अंड्याची जात निघाली तर माद्या ठेवा, त्या पैसे देतील. पण त्यातले कोंबडे आपल्या गावरान माद्यांत सोडू नका. आपल्या गावातली खुडूक होणारी कोंबडी टिकली पाहिजे.

आणि आपण विकतो तेव्हा?

शेवटची गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलते.

आपण दुकानदाराला नाव ठेवतो. मग आपली वनराजाची अंडी आपण बाजारात काय म्हणून विकतो? "गावरान" म्हणूनच ना? गिऱ्हाइकाने विचारलं तर मान हलवतो. सोनालीचा कोंबडा आखाडात "अस्सल गावरान" म्हणून जातो. दुकानदाराने आपल्याला सांगितलं तेच आपण पुढे सांगतो, फक्त आपल्या खालच्या माणसाला.

मला माहीत आहे, गावरान म्हटल्यावर अंड्यामागे दोन-तीन रुपये जास्त मिळतात, आणि ते दोन-तीन रुपये तुमच्या घरात कमी नसतात. मीही दर महिन्याला तुमच्या वह्या बघते. पण वाशीतलं, पारगावातलं, तेरखेड्यातलं गिऱ्हाईक रोजचं आहे, ओळखीचं आहे. एकदा त्याला कळलं की गटाच्या बायका खोटं नाव सांगतात, तर आपल्या लोणच्यावर, पापडावर, मसाल्यावरही तो विश्वास ठेवणार नाही. उलट "ही वनराजाची, परसात फिरणाऱ्या कोंबड्यांची, आजची ताजी अंडी" असं खरं सांगून बघा. ताज्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याला लोक चांगले पैसे देतात. खरी गावरान असतील ती वेगळ्या टोपलीत ठेवा आणि त्यांना जास्त भाव मागा, हक्काने मागा.

म्हणून आजच्या बैठकीत तीन ठराव मांडावेत, अशी माझी प्रभागसंघाला विनंती आहे. पहिला, पिल्लांसाठी गटाच्या कर्जाचा पैसा खर्च होईल तेव्हा जात लिहिलेली पावती आणि खोक्यावरची चिठ्ठी वहीत चिकटवल्याशिवाय तो खर्च मंजूर धरू नये. दुसरा, प्रत्येक ग्रामसंघाच्या पशुसखीने पिल्लांचं चौथ्या आणि आठव्या आठवड्याचं वजन नोंदवावं. तिसरा, आपल्या गटांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अंड्यांवर आणि कोंबड्यांवर खरी जात लिहावी.

यात काही कमी-जास्त वाटत असेल तर आत्ताच बोला. तुम्हाला कोंबड्या पाळायचा अनुभव माझ्या वयापेक्षा जास्त आहे, तुमच्याकडून ऐकायला मला आवडेल.



(भाषणानंतर चर्चा होऊन तिन्ही ठराव मंजूर झाले. तिसऱ्या ठरावात "अंड्यांच्या ट्रेवर तारीखही लिहावी" अशी भर सदस्यांनी सुचवली, ती स्वीकारण्यात आली. पावतीचा नमुना प्रत्येक ग्रामसंघाच्या लिपिकेकडे दिला आहे, तो गटांनी घेऊन जावा.)